दिवा मंद का होतो?
(जुन्या मोटारसायकलीच्या विद्युत्-यंत्रणेचा एक पाठ)

रात्री घाटातून येणाऱ्या जुन्या मोटारसायकलीचा दिवा हळूहळू पिवळा पडू लागला, की बॅटरी म्हातारी झाली असे तिच्या मालकास वाटते. दुसऱ्या दिवशी तो नवी बॅटरी आणतो. आठवडाभर दिवा लखलखतो आणि पुन्हा पिवळा पडतो. मग कोणी म्हणते डायनामो बदला, कोणी म्हणते रेग्युलेटर बदला. असे एकामागून एक भाग बदलीत जाणे म्हणजे रोग न ओळखता औषधाच्या बाटल्या बदलीत जाण्यासारखे आहे. पैसा जातो तो जातोच. शिवाय अंधारात दरीकाठच्या वळणावर दिवा विझला, तर जिवावर बेतण्याचा प्रसंग येतो. म्हणून दोष नेमका कोठे आहे, हे क्रमाने कसे शोधावे, त्याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

उदाहरणादाखल आम्ही ‘बी.एस.ए. एम-२०’ ही गाडी घेतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने ही ४९६ घनसेंटिमीटरची एका सिलिंडरची गाडी १९३७ साली बाजारात आणली आणि १९५५ सालापर्यंत ती तयार होत होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी अशा सुमारे सव्वा लाख गाड्या बनविण्यात आल्या. युद्ध संपल्यावर त्यांपैकी काही आपल्या देशातही खाजगी मालकांच्या हाती आल्या. त्यांची विद्युत्-यंत्रणा सहा व्होल्टची असून ती बर्मिंगहॅमच्याच लुकास कंपनीची आहे. आजच्या गाड्यांत बारा व्होल्टची बॅटरी आणि अल्टरनेटर असतो, हे खरे. तथापि जुन्या यंत्रणेचे भाग थोडे असून हाताने चाचपून पाहता येतात, म्हणून शिकण्यास तीच अधिक सोयीची.

या गाडीचे एक वैशिष्ट्य आरंभीच ध्यानात ठेवावे. इंजिनातील ठिणगी मॅग्नेटो नावाच्या स्वतंत्र यंत्रातून येते. तिला बॅटरीची गरज नसते. साहजिकच बॅटरी पार रिकामी झाली तरी गाडी दिवसा उत्तम धावते, आणि दोष आहे हे रात्र पडेपर्यंत उमगत नाही. मॅग्नेटो आणि डायनामो मात्र एकमेकांस जोडून बसविलेले असतात. या जोडीस ‘मॅगडायनो’ म्हणतात.

यंत्रणेचे चार घटक

चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरविले असता तारेत वीज उत्पन्न होते. हे तत्त्व मायकेल फॅरेडे याने १८३१ साली प्रयोगाने सिद्ध केले. डायनामोत फिरणारे वेटोळे ते आर्मेचर, आणि त्याच्याभोवती स्थिर असून चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारे वेटोळे ती फील्ड कॉइल. आता असा प्रश्न उद्भवतो की, वीज उत्पन्न होण्यास चुंबक हवा आणि फील्ड कॉइल चुंबक होण्यास वीज हवी. मग आरंभ कोठून व्हावा? याचे उत्तर १८६७ साली सीमेन्स आणि व्हीट्स्टन यांनी स्वतंत्रपणे जगापुढे मांडले. लोखंडात पूर्वीच्या चुंबकत्वाचा थोडासा अंश शिल्लक राहिलेला असतो. त्याच्या जोरावर किंचित वीज निर्माण होते. ती फील्ड कॉइलमधून गेली की चुंबक बळावतो. चुंबक बळावला की वीज वाढते. थोड्याशा विरजणाने भांडेभर दूध लागावे, तसाच हा प्रकार आहे.

आर्मेचरमधील वीज कम्युटेटर नावाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर टेकलेले कार्बनचे ब्रश बाहेर आणतात. डायनामोवर ‘डी’ आणि ‘एफ’ अशी दोन टोके असतात. ‘डी’मधून वीज बाहेर पडते, ‘एफ’ हे फील्ड कॉइलचे टोक होय. फील्ड कॉइलचे दुसरे टोक डायनामोच्या लोखंडी अंगास, म्हणजे ‘अर्थ’ला, जोडलेले असते.

तिसरा घटक रेग्युलेटरची पेटी. तीत दोन उपकरणे असतात. डायनामोचा दाब ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ लागला, की रेग्युलेटर ‘डी’ आणि ‘एफ’ यांची सरळ जोडणी तोडून मध्ये रोध घालतो, त्यामुळे चुंबक दुबळा होतो आणि दाब उतरतो. ही उघडझाप सेकंदातून अनेक वेळा चालते. दुसरे उपकरण कट-आउट. ते नदीच्या मुखाशी खाजणाच्या बांधाला बसविलेल्या झडपेसारखे आहे. झडप आतले पाणी ओहोटीस बाहेर जाऊ देते, पण भरतीचे पाणी आत शिरू देत नाही. त्याचप्रमाणे कट-आउट डायनामोची वीज बॅटरीत जाऊ देतो, परंतु इंजिन थांबले असता बॅटरीची वीज उलट डायनामोत जाऊ देत नाही.

चौथा घटक बॅटरी. तीत प्रत्येकी सुमारे दोन व्होल्टचे तीन कप्पे असतात. ती वीज साठविते. निर्माण करीत नाही. हा भेद न कळल्यामुळेच पुष्कळांचे पैसे व्यर्थ जातात. समजा, पुढचा दिवा ३० वॅटचा आहे. ३० ला ६ ने भागले असता ५ अँपियर प्रवाह येतो. बॅटरी १२ अँपियर-तासांची असेल, तर दिवा फार तर दोन तास चोवीस मिनिटे पेटेल. रोज वीस मिनिटे दिवा लावणाऱ्याची नवी बॅटरी आठवड्याच्या शेवटी का रिकामी झाली, याचे उत्तर या भागाकारात आहे. डायनामो तिला काहीच देत नव्हता!

परीक्षेचा क्रम

प्रथम दक्षतेच्या चार गोष्टी. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि उघड्या जागी ठेवावी. बंद खोलीत इंजिन चालविल्यास विषारी वायू साठतो. बॅटरीजवळ आगकाडी पेटवू नये, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तिच्यातील आम्लापासून डोळे आणि कपडे जपावेत. हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे. परीक्षेच्या वेळी जाणता वडीलधारा मनुष्य जवळ असावा.

पहिली पायरी बॅटरी आणि तिच्या जोडण्या. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढते आणि प्रवाहाची वाट अडते. टोके स्वच्छ करून घट्ट बसवावीत. अर्थची तार सांगाड्यास जेथे जोडलेली असते, तेथील रंग व गंज खरवडावा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत कोठे धन अग्र तर कोठे ऋण अग्र अर्थला जोडलेले आढळते. ते पाहून लिहून ठेवावे. पूर्ण भरलेली निरोगी बॅटरी विसावल्यावर सुमारे ६.३ व्होल्ट दाखविते.

दुसरी पायरी डायनामो फिरतो की नाही, हे पाहणे. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती पाहण्याचे कोणास सुचत नाही. मॅगडायनोतील दंतचक्र घसरू लागले, तर इंजिन आणि मॅग्नेटो चालू असूनही डायनामो मंद फिरतो किंवा मुळीच फिरत नाही. टोकाचे झाकण काढले असता कम्युटेटर फिरताना प्रत्यक्ष दिसतो. इंजिन बंद करून त्याच वेळी ब्रश पाहावेत. ते आपल्या खोबणीत सहज सरकले पाहिजेत आणि त्यांच्या स्प्रिंगांत जोर असला पाहिजे. कम्युटेटर काळवंडला असेल, तर इंजिन थंड असताना पेट्रोलने किंचित ओलावलेल्या फडक्याने पुसावा. फारच खराब असल्यास बारीक काचकागद वापरावा; एमरी कागद वापरू नये, कारण त्याचे कण तांब्यात रुततात.

तिसरी पायरी मुख्य परीक्षेची. डायनामोच्या ‘डी’ आणि ‘एफ’वरील तारा काढून ती दोन टोके एका लहान तारेने परस्परांस जोडावीत. व्होल्टमीटरचे एक टोक या जोडावर आणि दुसरे डायनामोच्या स्वच्छ अंगावर लावावे. काटा उलटा सरकल्यास टोकांची अदलाबदल करावी. इंजिन सुरू करून वेग हळूहळू वाढवावा. डायनामो निरोगी असेल तर काटा न अडखळता झरझर वर चढतो. तो १० व्होल्टपर्यंत जाऊ देऊ नये; इंजिनाचा वेग उगीच वाढवू नये. काटा मुळीच हलला नाही, तर ब्रशांकडे पुन्हा पाहावे. तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास थांबला, तर फील्ड कॉइलचा संशय घ्यावा. दीड ते दोन व्होल्टवर थांबला, तर आर्मेचर दोषी असण्याचा संभव अधिक. फार दिवस पडून राहिलेल्या गाडीच्या लोखंडातील शिल्लक चुंबकत्व नाहीसे झाले असेल, तर रेग्युलेटरकडून सोडविलेल्या ‘एफ’ तारेस बॅटरीच्या अर्थ नसलेल्या अग्राचा क्षणभर स्पर्श देतात, म्हणजे ते पुन्हा जागे होते.

चौथी पायरी तारांची. डायनामो निर्दोष ठरला की दोन्ही तारा त्यास पूर्ववत् जोडाव्यात. त्यांची दुसरी टोके रेग्युलेटरपासून सोडवून, तेथे एकत्र करून, पुन्हा तीच परीक्षा करावी. डायनामोपाशी काटा चढत होता आणि येथे चढत नसेल, तर दोष मधल्या तारेत आहे, हे भूमितीतील सिद्धांताइतके निश्चित होय.

येथपर्यंत सर्व ठीक असेल, तरच पाचव्या पायरीला रेग्युलेटर आणि कट-आउट यांच्याकडे वळावे. त्यांचे संपर्कबिंदू जळालेले वा मळलेले असू शकतात. इंजिन बंद आणि दिवे बंद असताना अमीटरचा काटा उणेकडे झुकलेला दिसला, तर कट-आउटचे संपर्क चिकटले असावेत. अशा वेळी बॅटरीची तार तत्काळ सोडवावी. रेग्युलेटरचे स्क्रू मात्र नवशिक्याने फिरवू नयेत.

एक प्रत्यक्ष उदाहरण

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात आजोबांच्या वेळची एम-२० होती. दिवा टिकेना, म्हणून दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. एका मेस्त्रीने डायनामो निकामी ठरविला. त्याची किंमत ऐकून गाडी भंगारात देण्याची भाषा घरात सुरू झाली. आजोबा काही बोलले नाहीत. ते रोज सकाळी ती गाडी फडक्याने पुसत राहिले. त्यांच्या नववीतील नातवाने विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेच्या व्होल्टमीटरने वरील परीक्षा केल्या. डायनामोपाशी काटा चढला. रेग्युलेटरच्या टोकाशी हलला नाही. तारेवर बोटे फिरवीत गेल्यावर बॅटरीच्या चौकटीच्या धारेशी ‘एफ’ तार आतून तुटलेली सापडली. वरचे वेष्टण तेवढे शाबूत होते. ‘एफ’ तुटली म्हणजे फील्ड कॉइलला वीज नाही. तिला वीज नाही म्हणजे चुंबक नाही. आणि चुंबक नाही म्हणजे डायनामो फिरूनही व्यर्थ. दोन हात तारेने काम भागले, आणि गाडी घरात राहिली.

आम्ही भाषेचे शिक्षक. वाक्यपृथक्करण शिकविताना आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, मग कर्म, असा क्रम आम्ही मुलांना घालून देतो. एकदम अर्थ सांगू पाहणारा विद्यार्थी बहुधा चुकतो. यंत्रदोष शोधण्याची रीत याहून निराळी नाही. संपूर्ण यंत्रणेचे भाग पाडावेत, प्रत्येक भागास एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर हाती आल्यावाचून पुढे जाऊ नये. जो भाग निर्दोष ठरला, त्याच्यावर पुन्हा आळ घेऊ नये. ज्याची परीक्षा झाली नाही, त्यास दोषीही म्हणू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मुख्य दिवा २४ वॅटचा आणि मागचा ६ वॅटचा असल्यास ६ व्होल्टच्या बॅटरीतून एकूण किती अँपियर प्रवाह जाईल?

२. एम-२० ची बॅटरी काढून ठेवली तरी इंजिन सुरू होते. का?

३. ‘डी’ तार तुटली असता आणि ‘एफ’ तार तुटली असता डायनामोच्या आत काय घडेल? दोन्हींतील फरक स्पष्ट करा.

४. आपल्या घरातील वा शेजारच्या एखाद्या नादुरुस्त वस्तूचे, सायकलीचे, पंपाचे किंवा शिवणयंत्राचे, भाग पाडून परीक्षेचा क्रम लिहून काढा. कोणताही भाग नवा आणण्यापूर्वी तो क्रम वडिलांना दाखवा.