बातमीतील शब्द आणि चित्र : वाचनपाठासाठी एक घटना

छापलेला मजकूर खराच असतो, अशी आपल्या मुलांची समजूत असते. पाठ्यपुस्तकावर विश्वास ठेवावयास आपणच त्यांस शिकवितो. तोच विश्वास ती वर्तमानपत्रावर आणि आता मोबाईलवर येणाऱ्या चित्रांवरही ठेवतात. वरच्या इयत्तांना बातमीचे वाचन शिकविताना पुढील घटना शिक्षकबंधूंच्या व भगिनींच्या उपयोगी पडेल.

१८९८ साली क्यूबा बेट स्पेनच्या अमलाखाली होते व तेथील लोक स्वातंत्र्यासाठी लढत होते. अमेरिकेची ‘मेन’ ही युद्धनौका हवाना बंदरात नांगर टाकून उभी होती. १५ फेब्रुवारीच्या रात्री तिच्यावर स्फोट होऊन ती बुडाली व सुमारे २६० माणसे मृत्यू पावली. अधिक वृत्त येईपर्यंत लोकांनी आपले मत राखून ठेवावे, असे नौकेचे कप्तान सिग्स्बी यांनी आपल्या तारेत कळविले होते. न्यूयॉर्कच्या ‘जर्नल’ पत्राने मात्र १७ तारखेस, नौकेचा नाश हे शत्रूचे कृत्य होय, असा ठळक मथळा दिला. चौकशी मंडळ त्या वेळी कामास लागलेही नव्हते.

येथे ‘शत्रू’ या शब्दापाशी मुलांना थांबवावे. त्या दिवशी अमेरिका व स्पेन यांच्यात युद्ध नव्हते. मग शत्रू आला कोठून? पहिल्या पानावर चित्रही होते. त्यात नौकेच्या तळाखाली सुरुंग दाखविला होता. तो कोणीही पाहिलेला नव्हता. चित्रकाराने तो कल्पनेने काढला. त्याच पानावर गुन्हेगाराचा शोध लावणारास ५०,००० डॉलरांचे बक्षीस जाहीर झाले होते. बक्षीस आहे म्हणजे गुन्हेगार असलाच पाहिजे, असे वाचकास आपोआप वाटते आणि अपघाताची शक्यता मनातून निघून जाते. आमच्या मते मथळ्याहूनही हे बक्षीस अधिक प्रभावी ठरले असावे.

एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले. ते एकट्या वृत्तपत्रांनी घडविले असे सांगू नये. त्यामागे राजकारणाची व व्यापाराची इतर कारणे होती. नौदलाच्या चौकशी मंडळानेही मार्चमध्ये सुरुंगाचाच निष्कर्ष काढला. पुढे १९७६ साली अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासात, कोळशाच्या कोठारातील आगीमुळे आतूनच स्फोट झाला असावा, असे मत मांडले गेले. तज्ज्ञांत याविषयी मतभेद आहेत. ‘जर्नल’चा दोष हा, की कळण्यापूर्वीच त्याने कळल्याप्रमाणे सांगितले.

आपल्याकडील १८५७ चे उदाहरणही जोडीस घेता येईल. ‘शिपायांचे बंड’ म्हटले की शिक्षा योग्य वाटते. ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले की हौतात्म्य दिसते.

यानंतर फळ्यावर एकाच ग्रामसभेचे तीन मथळे लिहावेत : ‘पाणीयोजनेवर चर्चा’, ‘पाणीयोजनेवरून गदारोळ’, ‘पाण्यासाठी ग्रामस्थांचा एल्गार’. सभेस न गेलेल्या मुलांना तेथे काय घडले असेल ते विचारावे. उत्तरे भिन्न येतील. मग प्रत्येकाने आपल्या उत्तरास कारण झालेला शब्द अधोरेखित करावा.

पाठासाठी गावातील चालू निवडणुकीची बातमी घेऊ नये. मुले घरचा पक्ष वर्गात आणतात आणि शब्दांकडे कोणाचेच लक्ष राहत नाही. वर्षभरापूर्वीचा, दूरच्या जिल्ह्यातील अंक घ्यावा.