आवळा : औषधी गुण, आरोग्यावरील परिणाम व जतनाच्या रीती

आवळ्याचा वृक्ष महाराष्ट्रास नवा नाही. सह्याद्रीच्या उतारावरील व विदर्भातील पानझडी रानांत तो आपोआप वाढतो. अलीकडे कृष्णा, कांचन, चकैया, नरेंद्र आवळा-७ इत्यादी मोठ्या फळांच्या कलमी जातींच्या बागाही हलक्या जमिनीत उभ्या राहिल्या आहेत. कार्तिक शुद्ध नवमीस आवळीखाली भोजन करण्याचा प्रघात आहे, आणि तुळशीच्या लग्नात ऊस व चिंचेबरोबर आवळाही लागतो. असे असूनही या फळाचा आरोग्यास जो लाभ व्हावयास हवा तो पुष्कळ घरी होत नाही. फळ घरात येते, पण त्यातील सत्त्वाचा मोठा भाग ताटापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नाहीसा होतो. तो कसा टिकवावा, त्याचा कोणास उपयोग आहे व कोणी जपून राहावे, याचा विचार या पाठात केला आहे.

प्राचीन व अर्वाचीन अनुभव

आयुर्वेदात आवळ्यास आमलकी व धात्री अशी नावे आहेत. खारट वगळता उरलेले पाचही रस या फळात आहेत, असे आयुर्वेद मानतो. हिरडा, बेहडा व आवळा मिळून त्रिफळा होते. चरकसंहितेतील च्यवनप्राशाच्या पाठात पाचशे आवळे घेण्यास सांगितले आहे. या फळाचे महत्त्व पूर्वजांनी अनुभवाने ओळखले होते. त्याचे एक कारण विसाव्या शतकात रसायनशास्त्राने दाखविले. ते म्हणजे क जीवनसत्त्व.

हे जीवनसत्त्व आहारात दीर्घकाळ न मिळाल्यास स्कर्व्ही हा रोग होतो. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग पडतात, जखमा भरत नाहीत व रोगी गळून जातो. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या वैद्याने संत्री व लिंबे देऊन खलाशांचा हा रोग बरा होतो असे दाखविले. आपल्या देशात १९३९-४० साली हिस्सार भागात दुष्काळ पडला. पाऊस नसल्याने भाजीपाला मिळेनासा झाला आणि लोकांत स्कर्व्ही पसरली. तेव्हा आवळ्याच्या चूर्णाचा उपयोग करण्यात आला व त्याने चांगला गुण आला. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांनाही आवळ्याच्या वड्या देण्यात येत असत. ताजी फळभाजी मिळत नाही अशा ठिकाणी वाळलेला आवळाही औषधाचे काम करतो, हा या अनुभवाचा अर्थ होय.

आवळ्यात किती सत्त्व आहे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले होते. २०१७ च्या कोष्टकात हा आकडा सुमारे २५० मिलिग्रॅम आहे. जात, जमीन, फळाची पक्वता व तपासणीची पद्धत यांप्रमाणे असा फरक पडतो. कमी आकडा धरला तरी आवळा संत्र्याच्या पाचपट भरतो. पेरू मात्र त्याच्या जवळपास येतो. म्हणून आवळा न मिळाल्यास पेरू खावा.

प्रौढ पुरुषास रोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरे होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शिफारशीत म्हटले आहे. गर्भवतीस ८० व अंगावर पाजणाऱ्या मातेस ११५ मिलिग्रॅम लागते. म्हणजे मध्यम आकाराचा एक ताजा आवळा प्रौढाची दिवसाची गरज बहुतांशी भागवितो. शरीर या जीवनसत्त्वाचा मोठा साठा करीत नाही. जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. तेव्हा एकदम दहा आवळे खाण्यापेक्षा रोज एक खाणे अधिक हितावह होय.

रक्तक्षय व आवळा

ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने आवळ्याचा सर्वांत मोठा उपयोग येथे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बाजरी, कडधान्ये व पालेभाज्या यांत लोह असते. पण वनस्पतींतील लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. धान्यकडधान्यांतील काही द्रव्ये त्यास अडवून धरतात. क जीवनसत्त्व त्याच जेवणात पोटात गेल्यास लोह विरघळणाऱ्या रूपात राहते व अधिक प्रमाणात रक्तात जाते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, आवळा जेवणाबरोबर खावा. सकाळचा आवळा संध्याकाळच्या भाकरीतील लोहास उपयोगी पडत नाही. दुसरी, जेवणास लागून चहा घेऊ नये, कारण चहा लोहाचे शोषण कमी करतो. ज्या स्त्रियांना लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी त्या चालूच ठेवाव्यात. आवळा गोळीस साह्य करतो. तिची जागा घेत नाही.

सत्त्व कोठे नष्ट होते?

क जीवनसत्त्व उष्णता, हवा व प्रकाश यांनी नष्ट होते, तसेच पाण्यात उतरते. तांब्याच्या संपर्काने त्याचा नाश फार वेगाने होतो. म्हणून आवळे उकडून पाणी टाकून देणे, तांब्यापितळेच्या भांड्यात रस ठेवणे, चिरलेल्या फोडी तासन्‌तास उघड्या ठेवणे व कडक उन्हात वाळविणे या चार रीती हानिकारक होत. मोरावळ्यात फळ शिजते आणि साखरही पुष्कळ पडते. तो चवीस उत्तम असला तरी ताज्या फळाची बरोबरी करीत नाही.

घरगुती जतनाच्या रीती

१. ताजा वापर : हंगामात जेवणाच्या वेळीच आवळा किसून कोशिंबिरीत किंवा चटणीत घालावा. किसणी व सुरी स्टीलची असावी. लोखंडी विळीवर आवळा काळा पडतो.

२. मिठाच्या पाण्यात : न डागळलेली फळे धुऊन पुसून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरावीत. १ लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ घालून ते उकळावे व पूर्ण थंड झाल्यावर फळे बुडतील इतके ओतावे. काही सत्त्व पाण्यात उतरते, तरीही हंगामानंतर काही आठवडे फळ हाताशी राहते. रक्तदाब असणाऱ्यांनी ही रीत टाळावी.

३. चूर्ण : कीस स्वच्छ कापडावर पातळ पसरून सावलीत, वाहत्या हवेत वाळवावा. कुरकुरीत झाल्यावर कुटून कोरड्या बरणीत घट्ट झाकणाखाली, अंधाऱ्या जागी ठेवावा. १ किलो गरापासून साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम चूर्ण मिळते. उन्हाळ्यात भाजी महाग होते तेव्हा ते ताकात किंवा वरणात, आच बंद केल्यावर, घालावे.

मर्यादा व सावधगिरी

आवळा सर्व रोगांवर रामबाण आहे असे सांगणे चूक होय. त्याने सर्दी होतच नाही किंवा मधुमेह बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी आवळ्याचा रस किंवा चूर्ण नियमाने घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण रक्तातील साखर अधिक उतरण्याचा संभव असतो. मोरावळा व च्यवनप्राश यांतील साखर त्यांनी ध्यानात ठेवावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनीही तसेच करावे. आम्लामुळे दात आंबतात, म्हणून खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. नंदुरबार, गडचिरोली इत्यादी जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात व थॅलेसीमियात रक्त कमी असण्याचे कारण लोहाची उणीव हेच असेल असे नाही. थॅलेसीमियाच्या रोग्यास वारंवार रक्त द्यावे लागत असेल तर त्याच्या शरीरात लोह साचलेले असते आणि अधिक लोह अपायकारक ठरते. फिकट दिसणाऱ्या प्रत्येकास लोह व आवळा सुचविण्याआधी रक्ततपासणी झाली पाहिजे.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

आवळ्याचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतो. त्याआधी गावातील आवळीची झाडे मोजून ठेवावीत. हंगामात अंगणवाडीत किंवा महिला मंडळात कीस वाळविण्याचे एक प्रात्यक्षिक करावे. व्याख्यानापेक्षा ते अधिक पटते. आशा कार्यकर्तीच्या साह्याने गर्भवती स्त्रियांच्या घरी चूर्णाची एक बरणी राहील असे पाहावे. शाळेच्या किंवा विहिरीच्या आवारात दोन भिन्न जातींची कलमे लावावीत. दोन जाती जवळ असल्यास फळधारणा चांगली होते. फांदीवर आज गळून जाणारे फळ जेवणाच्या ताटात यावे, एवढे साधले तरी या पाठाचा हेतू सफल होईल.