परसातील पपईवरील पिठ्या ढेकूण : ओळख आणि बंदोबस्त

न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली दोन-चार पपईची झाडे, दारापुढील जास्वंद, कुंपणालगतची वांगी व टोमॅटो आणि एखादे सीताफळ किंवा पेरू, अशी परसबाग आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरी असते. तिच्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही, आणि मुलाबाळांच्या मुखी रोजचे फळ व भाजी पडते. अशा परसात एखाद्या वर्षी पपईच्या पानांच्या खालच्या बाजूस पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. घरातील माणसे त्यास बुरशी समजून प्रथम दुर्लक्ष करतात. पुढे फळेही पांढरी पडू लागली म्हणजे शेतासाठी आणून उरलेले एखादे जहाल औषध फवारले जाते. चार-आठ दिवस झाड बरे दिसते आणि नंतर कीड पूर्वीपेक्षा अधिक जोराने उसळते. असे का घडते व ते टाळण्यासाठी काय करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

कीड मूळची कोठली?

हे पांढरे पुंजके म्हणजे बुरशी नसून पपईवरील पिठ्या ढेकूण नावाची कीड होय. शास्त्रीय भाषेत तिला पॅराकोकस मार्जिनेटस असे म्हणतात. तिचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका हे आहे. तेथे तिच्यावर जगणारे शत्रुकीटक असल्यामुळे ती मर्यादेत राहते. १९९० नंतरच्या दशकात ती कॅरिबियन बेटांत पसरली, आणि २००८ मध्ये भारतात प्रथम तामिळनाडूतील कोइम्बतूर येथे आढळली. पुढील दोन वर्षांत त्या राज्यातील पपई, तुती व टॅपिओका या पिकांचे तिने अतोनात नुकसान केले. २०१० मध्ये पुणे भागातील पपईच्या बागांतही तिचा उपद्रव दिसून आला. कीड आली, परंतु तिचे शत्रू तिच्याबरोबर आले नाहीत, हेच तिच्या अफाट वाढीचे मुख्य कारण होते.

ओळखण्याची लक्षणे

मादीचे शरीर पिवळसर असून त्यावर पांढऱ्या मेणकट पिठाचा थर असतो. ती लांबीने सुमारे दोन मिलिमीटर, म्हणजे तिळाच्या दाण्याहून किंचित लहान असते. तिला पंख नसतात. नर पंखयुक्त व अतिशय सूक्ष्म असतो. तो सहसा दृष्टीस पडत नाही. मादी शरीराच्या मागील बाजूस कापसासारखी पिशवी तयार करून तीत शंभरापासून काहीशे अंडी घालते. अंडी हिरवट पिवळी असतात व सुमारे दहा दिवसांत उबतात. त्यांतून निघालेली पिवळी पिल्ले प्रथम इकडे तिकडे फिरतात आणि कोवळा भाग सापडला म्हणजे तेथे सोंड रुतवून रस शोषू लागतात.

पिठ्या ढेकणाच्या जाती पुष्कळ आहेत. जास्वंद, कपाशी व सीताफळ यांवर इतर जातीही आढळतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ओळख पटविण्यासाठी एक सोपा प्रयोग करावा. काही ढेकूण छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावेत. ते पपईवरील जातीचे असल्यास एक-दोन दिवसांत त्यांचा रंग निळसर काळा होतो. गावच्या बैठकीत ही बाटली दाखविल्यास लोकांच्याही ध्यानात ही गोष्ट पक्की राहते.

नुकसानीचा प्रकार

कीड पानांच्या शिरांलगत, शेंड्यावर, फुलांवर व फळांवर बसून रस शोषते. पाने पिवळी पडून आकसतात, शेंडा खुरटतो, फुले व लहान फळे गळतात. मोठ्या फळावर पांढरा थर चढल्यामुळे त्यास कोणी हात लावीत नाही. कीड फार वाढल्यास झाड मरतेही. याशिवाय ढेकणांच्या अंगातून गोड, चिकट द्रव पाझरतो. तो खालच्या पानांवर पडून त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते, आणि पानांना सूर्यप्रकाश मिळेनासा होतो. याच गोड द्रवासाठी झाडावर मुंग्यांच्या रांगा लागतात. पपईच्या खोडावर मुंग्यांची अखंड रांग दिसली की वर ढेकूण आहे, असे समजून शोध घ्यावा.

कीड परसात कशी येते व कोठे टिकते?

मादीला पंख नाहीत, ही गोष्ट बंदोबस्ताच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती स्वतः फार दूर जाऊ शकत नाही. तिला कोणीतरी नेतो. पिल्ले वाऱ्याने उडतात, मुंग्यांबरोबर एका फांदीवरून दुसरीवर जातात. आणि रोपे, फळांच्या टोपल्या, पाटाचे पाणी व माणसांचे कपडे यांबरोबर गावोगाव पोहोचतात. पावसाळ्यात जोरदार सरींमुळे ती बरीच धुऊन जाते. परंतु पाऊस संपून कोरडे व उष्ण दिवस सुरू झाले म्हणजे पुन्हा वाढीस लागते.

तिचे खाद्य केवळ पपई नव्हे. जास्वंद, तुती, वांगी, टोमॅटो, पेरू, सीताफळ, कपाशी अशा अनेक वनस्पतींवर ती जगते. त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, गाजरगवत व पेटारी यांसारख्या तणांवरही ती सुखाने वाढते. पपईचे झाड तोडून टाकले आणि उकिरड्यालगतचे गाजरगवत तसेच ठेवले, तर कीड नाहीशी झाली असे मुळीच होत नाही.

आपला सूक्ष्म साहाय्यक

तामिळनाडूतील हानी पाहून बंगळूर येथील राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाच्या साहाय्याने पोर्तो रिको येथून या किडीचे तीन परोपजीवी शत्रू आणविले. ही संस्था आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या नावाने ओळखली जाते. त्या तिघांपैकी ॲसिरोफॅगस पपायी नावाची सूक्ष्म गांधीलमाशी सर्वांत प्रभावी ठरली. शेतांत सोडल्यानंतर तिने काही महिन्यांतच कीड आटोक्यात आणली आणि पुढे ती आपोआप दूरवर पसरत गेली.

ही माशी एक मिलिमीटरहूनही लहान, नारिंगी पिवळ्या रंगाची असते. ती माणसास किंवा जनावरास दंश करीत नाही. ती ढेकणाच्या पिल्लाच्या शरीरात अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी ढेकणास आतून खाते. ढेकूण फुगून तपकिरी व टणक कवचासारखा होतो. काही दिवसांनी त्या कवचाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते व दुसरे ढेकूण शोधू लागते.

आता जहाल औषधाचा परिणाम ध्यानात येईल. ढेकणाच्या अंगावर मेणकट थर असतो, आणि त्याची अंडी कापशी पिशवीत सुरक्षित असतात; औषध त्यांच्यापर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. उघड्यावर फिरणारी नाजूक माशी मात्र त्या पानावर बसताच मरते, आणि औषधाचा अंश पानावर टिकून असेपर्यंत नवी माशीही तेथे जगत नाही. शत्रू वाचतो व मित्र मरतो. शिवाय परसात मुले खेळतात, कोंबड्या चरतात, धान्य वाळत घातलेले असते, आणि आड किंवा पाण्याचा रांजण जवळच असतो. अशा जागी शेतातील विषारी औषध वापरणे हे घरातील माणसांच्याच जिवाशी खेळणे होय.

मित्रकीटकांविषयी गैरसमज

पिठ्या ढेकूण खाणारे आणखी काही कीटक आहेत, परंतु अजाणतेपणी शेतकरीच त्यांना मारतात. क्रिप्टोलीमस नावाचा छोटा ढालकिडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणकट तंतूंनी झाकलेली असल्यामुळे मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. दोहोंतील भेद असा : ढेकूण एके जागी चिकटून बसतो, अळी चपळपणे फिरते, अळीच्या अंगावरील तंतू लांब व दाट असतात, ढेकणाच्या कडेचे तंतू आखूड असतात. स्पाल्जिस नावाच्या एका लहान फुलपाखराची अळीही ढेकणांवर जगते. तिच्या कोशाचा आकार माकडाच्या तोंडासारखा दिसतो, त्यामुळे तो एकदा पाहिला की विसरत नाही. असे कोश पानावर दिसल्यास ते पान तोडू नये.

बंदोबस्ताचे उपाय

१. प्रथम निरीक्षण करावे. कीड दिसताच कोयता किंवा पंप हाती घेऊ नये. प्रत्येक झाडाच्या चार-पाच पानांना दोरा बांधून खूण करावी आणि भिंगाने त्यांवरील जिवंत ढेकूण व तपकिरी कवचे पाहावीत. कवचे जिवंत ढेकणांपेक्षा अधिक असतील, तर मित्रकीटक कामास लागले आहेत असे समजून झाडास हात लावू नये.

२. कीडग्रस्त भाग काढावा. कवचे दिसत नसतील आणि पाने व फळे जिवंत ढेकणांनी भरली असतील, तर ती अलगद कापून पिशवीत भरावीत व जाळावीत, किंवा दोन फूट खोल खड्ड्यात पुरावीत. ती उकिरड्यावर, रस्त्यावर किंवा ओढ्यात टाकू नयेत. काम झाल्यावर हात, कोयता व कपडे धुवावेत.

३. पाण्याचा मारा करावा. थोड्या झाडांसाठी हा सर्वांत स्वस्त उपाय होय. सकाळच्या वेळी पानांच्या खालच्या बाजूवर जोराने पाणी मारावे. त्यामुळे पिल्ले व चिकट द्रव धुऊन जातो. दर चार दिवसांनी असे करावे.

४. साबणाचे पाणी. दहा लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम मऊ साबण विरघळवून सायंकाळी फवारावे. पपईची पाने नाजूक असतात; म्हणून आधी एक-दोन पानांवर फवारून दोन दिवस पाहावे. साबण अंगास लागलेली पिल्ले मरतात, पण वाळल्यावर त्याचा विषारी अंश पानावर राहत नाही. अंडी मरत नसल्यामुळे आठ दिवसांनी फवारणी पुन्हा करावी.

५. निंबोळी अर्क. भाजीपाल्यावर ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळीच्या गराची अर्धा किलो भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी, त्यात थोडा साबण मिसळून एकूण दहा लिटर द्रावण करावे व त्याच दिवशी संपवावे.

६. मुंग्यांचा बंदोबस्त. मुंग्या ढेकणांचे शत्रुकीटकांपासून रक्षण करतात. खोडाभोवती फडक्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घट्ट न आवळता बांधून तिच्यावर ग्रीस लावावे. ग्रीस थेट खोडास लावू नये. भिंतीस किंवा कुंपणास टेकलेली पाने छाटावीत. नाहीतर मुंग्या त्या वाटेने चढतात. मुळांपासून दूर असलेल्या वारुळांत उकळते पाणी ओतावे.

७. तण काढावे. घराभोवतीचे, गोठ्यामागचे व बांधावरील गाजरगवत आणि पेटारी फुलण्यापूर्वीच उपटावे. गाजरगवत उघड्या हाताने उपटल्यास खाज सुटते; म्हणून हातमोजे किंवा जाड फडके वापरावे.

८. नवे रोप तपासून घ्यावे. रोपाच्या पानांची खालची बाजू व बगला पाहिल्याशिवाय ते घरी आणू नये. कीड असलेल्या झाडाची फळे बाजारात नेण्यापूर्वी धुऊन पुसावीत.

मित्रकीटक कमी असल्यास

गावातील एखाद्या परसात कीड ओसरत असून तपकिरी कवचे विपुल असतील, तर तेथील दोन-चार पाने त्याच गावातील कीडग्रस्त झाडाखाली नेऊन ठेवता येतात. पाने टोपलीत घालून ती टोपली पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावी. पाण्यामुळे पानांवरील जिवंत ढेकूण बाहेर रांगत जात नाहीत व मुंग्याही आत येत नाहीत. माश्या मात्र उडून झाडावर जातात. तीन आठवड्यांनी उरलेली पाने जाळावीत. ज्या गावी ही कीड मुळीच नाही, तेथे अशी पाने नेऊ नयेत. गावात कवचे कोठेच दिसत नसल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाचा सल्ला घ्यावा.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

एका घरचा उपाय शेजारच्या घरी कीड असेपर्यंत टिकत नाही. म्हणून कार्यकर्त्याने वाडी किंवा आळी हे एकक धरावे. पहिल्या भेटीत सर्व परसे पाहून कोणत्या झाडावर कीड आहे त्याची यादी करावी, व एका परसात पाण्याचा मारा आणि मुंग्यांची पट्टी यांचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. आठ दिवसांनी दुसरी भेट देऊन खुणेची पाने पुन्हा पाहावीत. महिन्याने तिसऱ्या भेटीत तपकिरी कवचे वाढली की नाही, याची नोंद घ्यावी. प्रात्यक्षिकाच्या वेळी घरातील स्त्रियांना आवर्जून बोलवावे, कारण परसाची देखभाल बहुधा त्याच करतात. शाळेतील मुलांना भिंगातून कवचाचे भोक दाखविल्यास ती घरी जाऊन सर्वांना सांगतात.

लोक विचारतील, “महिनाभर थांबायचे, तर तोवर झाड जाईल त्याचे काय?” त्यास उत्तर द्यावे की, थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. पाणी, साबण, छाटणी व मुंग्यांना अडथळा हे काम आपले. उरलेले काम माशीचे. एखादे झाड फारच खालावले असेल तर ते काढणे बरे, परंतु त्यासाठी संपूर्ण आळीत विष फवारणे योग्य नव्हे.

ध्यानात ठेवा

पांढरे पुंजके दिसताच पानाची खालची बाजू पाहा. तपकिरी, भोके पडलेली कवचे असतील तर ती जपा. मुंग्यांची वाट अडवा आणि गाजरगवत काढा. शेतातील जहाल औषध परसात आणू नका. शेजाऱ्यास आपल्या कामात सामील करून घ्या. कारण कुंपण माणसांसाठी असते, ढेकणांसाठी नव्हे.