शंभर गिल्डरांचे चित्र

एकच चित्र अनेक घरांत पोहोचावयाचे असेल तर ते छापावे लागते. आज आपणांस यात नवल वाटत नाही. परंतु सतराव्या शतकातील युरोपात हे काम तांब्याच्या एका पत्र्यावर आणि चित्रकाराच्या हातावर अवलंबून असे. या कलेस अम्लरेखन म्हणतात.

गुळगुळीत पत्रा तापवून त्यावर मेण व राळ यांचा पातळ थर देत. त्या थरावर सुईने चित्र रेखाटले की रेषांपुरते तांबे उघडे पडे. मग पत्रा आम्लात बुडवीत. आम्ल उघडे तांबे खाई. थराखालचे सुरक्षित राही. फिक्या हव्या असलेल्या रेषा लवकर झाकून टाकीत, गडद रेषांस आम्ल अधिक वेळ लागू देत. शेवटी थर काढून खाचांत शाई भरीत, पृष्ठभाग पुसून घेत आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढीत. चित्र उलटे उमटे.

ॲम्स्टरडॅमच्या रेम्ब्रांटने (१६०६-१६६९) अशी सुमारे ३०० चित्रे केली. १६४८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या एका चित्रात मध्यभागी येशू ख्रिस्त आहे. उजवीकडील अंधारातून रोगी, पांगळे त्याच्याकडे सरकत आहेत. डावीकडे उजेडात विद्वान वाद घालीत आहेत. त्यांच्याजवळच एक श्रीमंत तरुण हात तोंडाशी नेऊन बसला आहे. संपत्ती सोडण्याचे धैर्य त्याला होत नाही. आणि नेमक्या याच चित्रास नाव पडले, ‘शंभर गिल्डरांचे चित्र’! एका प्रतीस एवढी किंमत आल्याचे त्या काळीच बोलले जाई.

एवढे मोल कशाचे? रेम्ब्रांट काही रेषा आम्लाविना, सुईने थेट तांब्यावर ओढी. त्यामुळे रेषेच्या कडेस तांब्याची बारीक कोर उभी राही. तीत शाई साठून मखमली काळोख उमटे. पण दाबाखाली ती कोर लवकरच झिजे. म्हणून पहिल्या प्रती मोजक्याच उत्तम निघत. काही प्रती त्याने जपानी कागदावरही छापल्या. संग्राहक अशाच प्रती शोधीत.

तरीही १६५६ साली रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले व त्याचा संग्रह विकला गेला. पुढे तो झिजलेला पत्रा विल्यम बेली या कॅप्टनच्या हाती आला. त्याने १७७५ मध्ये रेषा पुन्हा कोरून नव्या प्रती काढल्या आणि नंतर पत्र्याचे चार तुकडे केले.

चित्र घरोघरी नेणारा दाबच पत्र्यास झिजवितो. म्हणून छापील चित्र पाहताना ती प्रत केव्हाची, हेही आपण विचारावे.