एक चाक निखळले तेव्हा

विमान चालवायला शिकणाऱ्याच्या आयुष्यात एक खास दिवस येतो. प्रशिक्षक विमानातून खाली उतरतात, शेजारची सीट रिकामी होते आणि शिकाऊ वैमानिक पहिल्यांदाच एकटा आकाशात जातो. यालाच 'सोलो' उड्डाण म्हणतात. आपल्या देशात शिकाऊ वैमानिकाचा परवाना १६ व्या वर्षापासून मिळू शकतो. म्हणजे तुमच्या ताई-दादाच्या वयात!

सोलो उड्डाण छोटं असतं. वर जायचं, विमानतळाभोवती चौकोनी फेरी मारायची आणि परत उतरायचं. पण एक माणूस कमी झाल्यामुळे विमान हलकं होतं. ते लवकर वर चढतं आणि उतरताना धावपट्टीवर जास्त वेळ तरंगतं. घाईने टेकवलं तर चेंडूसारखं उसळतं. म्हणून खरी परीक्षा उतरतानाच असते.

आता एक खरी घटना पाहू. सप्टेंबर २०१८. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातलं बेव्हर्ली विमानतळ. १७ वर्षांची एक मुलगी पायपर कंपनीचं छोटं विमान घेऊन पहिल्या सोलोला निघाली. उड्डाण करतानाच विमानाचं उजवं चाक निखळून पडलं! या विमानाची मुख्य चाकं पंखांखाली असतात, ती आत बसलेल्याला दिसत नाहीत. तिला ही बातमी रेडिओवरूनच कळली.

विचार करा, तुम्ही तिच्या जागी असता तर? गाडी बिघडली तर रस्त्याच्या कडेला थांबवता येते. विमान हवेत थांबवता येत नाही. म्हणून वैमानिकांना एक क्रम पक्का शिकवलेला असतो : आधी विमान सांभाळा, मग दिशा ठरवा, मग बोला.

तिने विमान सांभाळलं. तिचे प्रशिक्षक जमिनीवरून रेडिओवर आले आणि तिला धीर देत एकेक सूचना देऊ लागले. पडलेलं चाक ते परत लावू शकत नव्हते. पण ओळखीचा आवाज ऐकून मन थाऱ्यावर येतं, हे त्यांना माहीत होतं.

अशा वेळी विज्ञानही मदतीला येतं. वेग आहे तोपर्यंत पंखांना हवेची उचल मिळते, त्यामुळे चाक नसलेली बाजू थोडा वेळ वर धरता येते. वेग कमी झाला की उचलही कमी होते, ती बाजू जमिनीला टेकते आणि विमान घसरत त्या बाजूला वळतं. म्हणून टेकताना वेग शक्य तितका कमी, पण विमान ताब्यात राहील इतका ठेवावा लागतो.

विमान घसरत जाऊन थांबलं. मुलीला काहीही इजा झाली नाही.

एक चाक नसताना उतरायचा सराव तिने केलेला नव्हता. पण नेहमीचं उतरणं प्रशिक्षकांसोबत पुन्हा पुन्हा गिरवलेलं होतं. तेच त्या दिवशी कामी आलं. रोजचा सराव कंटाळवाणा वाटतो ना? अवघड प्रसंगी नवं काही सुचत नाही, तेव्हा हात सवयीचंच काम करतात.

विचार करा आणि लिहा :
१) सोलो उड्डाणात विमान जास्त वेळ का तरंगतं?
२) वेग कमी झाल्यावर चाक नसलेली बाजू खाली का टेकते?
३) संकटात सापडलेल्या मित्राशी तुम्ही कसं बोलाल? पाच वाक्ये लिहा.