छातीतली जळजळ : कोणती गोळी कशासाठी?

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले की जेवणाची वेळ चुकते, खर्रा वाढतो आणि रात्री छातीत आग पडते. मग आपण दुकानातून “ॲसिडिटीची गोळी” आणतो. पण या नावाखाली तीन वेगळी औषधे मिळतात. त्यांतला फरक आम्ही इथे सांगतो.

पोटातले आम्ल वारंवार वर आले की अन्ननलिका सुजते, तिला जखमा होतात. यालाच अन्ननलिकेचा दाह म्हणतात.

1) अँटासिड : पातळ औषध किंवा चघळायची गोळी. काही मिनिटांत आराम पडतो, पण तास-दोन तासांत असर उतरतो. जखम भरत नाही.

2) फॅमोटिडीन : साधारण तासाभरात गुण येतो आणि रात्र निभते. रोज घेतल्यास एक-दोन आठवड्यांत असर कमी होतो. याच गटातले रॅनिटिडीन सप्टेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले गेले.

3) ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल : जखम भरून काढण्यात हे सर्वांत चांगले. पूर्ण असर यायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून “गुण नाही” असे म्हणून लगेच सोडू नये. जेवणाआधी अर्धा तास घ्यावे. जखम भरायला बहुधा आठ आठवडे लागतात. मात्र वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेऊ नये. बी-12 कमी होऊ शकते.

आठ आठवड्यांनंतरही घास अडकत असेल, तर ॲलर्जीमुळे येणारी वेगळी सूज असू शकते. दुर्बिणीतून तुकडा काढून तपासल्यावरच ती कळते. तिच्यावर गिळायचे ब्युडेसोनाईड देतात किंवा दूध, गहू असे पदार्थ डॉक्टरांच्या देखरेखीत बंद करून पाहतात.

कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक आणि त्याने आग होते म्हणून वर ॲसिडिटीची गोळी, हे चक्र थांबवा. दुखण्याच्या गोळीने पोटात जखम होऊ शकते. खर्रा, तंबाखू, दारू सोडा. झोपण्याआधी तीन तास जेवा. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. कोणतीही गोळी बसून, पेलाभर पाण्यासोबत घ्या.

गिळताना त्रास, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर गोळीवर दिवस काढू नका. कर्करोगही असू शकतो. छाती दाटून घाम येत असेल किंवा डाव्या हातात कळ जात असेल, तर हृदयविकार समजून 108 ला फोन करा.

पैशांसाठी थांबू नका. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात जाताना घरातली सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. डॉक्टरांना ती दाखवा आणि विचारा : यातली कोणती घ्यायची, किती दिवस, आणि बंद केव्हा करायची?