दगडावर कोरलेले नाव

इजिप्तच्या दक्षिण सीमेजवळ अबू सिंबेल येथे डोंगर कोरून घडविलेले एक मंदिर आहे. त्याच्या दर्शनी भागी चार बैठे पुतळे असून प्रत्येकाची उंची सुमारे २० मीटर आहे. चारही पुतळे एकाच माणसाचे आहेत : दुसरा रामसेस. इसवीसनपूर्व तेराव्या शतकात त्याने सुमारे ६६ वर्षे राज्य केले. पूर्वीच्या राजांच्या पुतळ्यांवरही त्याने आपले नाव कोरविले. आणि तेही इतके खोल, की मागून येणाऱ्यास सहज पुसता येऊ नये. कादेशची लढाई अनिर्णित राहिली, पुढे हित्ती राजाशी तह करावा लागला. तरी देवळांच्या भिंतींवर ती त्याचा महान विजय म्हणूनच कोरलेली आहे.

हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्या काळातील फिरऔन हाच, असे काही अभ्यासक मानतात. सर्व मानीत नाहीत. पवित्र कुरआनने त्या फिरऔनाचे नाव सांगितलेलेच नाही. ‘फिरऔन’ ही तर उपाधी. मिसरचे राज्य व त्यातील नद्या आपल्याच आहेत अशी त्याची घमेंड सूरह जुखरुफमध्ये येते, सर्वोच्च पालनकर्ता असल्याचा त्याचा दावा सूरह नाझिआतमध्ये येतो, हामानला उंच मनोरा बांधण्याची त्याची आज्ञा सूरह कससमध्ये येते. अपराध नोंदला गेला, नाव नाही. कारण तो कोण होता, यापेक्षा आपण तसे होऊ नये, हे जाणणे अधिक निकडीचे आहे.

मग ही शिल्पे पाहूच नयेत काय? असे नव्हे. पृथ्वीवर फिरून पूर्वीच्या लोकांचा शेवट काय झाला ते पाहावे, अशी शिकवण सूरह रूममध्ये आहे. पाषाण घडविणाऱ्या हातांचे कसब खरेच आहे. मात्र नजर शेवटापर्यंत पोहोचली पाहिजे. रामसेसचा देह १८८१ साली एका गुप्त जागी सापडला. १९७६ साली बुरशीपासून वाचविण्यासाठी तो पॅरिसला न्यावा लागला. अबू सिंबेलचे मंदिरही धरणाच्या पाण्यात बुडाले असते. १९६४ ते १९६८ या काळात त्याचे तुकडे करून ते उंचावर हलविण्यात आले. अमरत्वासाठी उभारलेले दगड परक्यांच्या दयेवर उरले.

फिरऔनाच्याच महालात हजरत आसिया होत्या. सूरह तहरीमनुसार त्यांनी अल्लाहकडे जन्नतमध्ये त्याच्या सान्निध्यात एक घर मागितले. त्यांचा एकही पुतळा आपणास ठाऊक नाही. पण त्यांची दुआ आजही पठण केली जाते.

बंधू-भगिनींनो, मशिदीस पंखा दिला आणि त्याच्या पात्यावर नाव लिहिले, एवढ्याने दान वाया जात नाही. पण नाव लिहिले नसते तर आपण तो पंखा दिला असता काय? हा प्रश्न आज रात्री स्वतःस विचारावा, आणि मुलांदेखत मोठ्याने विचारावा. त्यांना आपला खरा वारसा तेथेच मिळेल.

अल्लाह आपणा सर्वांस निर्मळ नियत प्रदान करो. आमीन.